शेवटच्या घराची पत

४ फेब्रुवारी

भाऊजी,

वर नमस्कार लिहिलेला नाही. घाईत राहून गेला असं समजू नका.

फोनवर तुम्ही माझं नाव बंद करून ठेवलं आहे, म्हणून हे कागदावर. पत्ता तुमच्या कंपनीचा घातला आहे, कारण घराचा पत्ता तुम्ही कोणालाच दिलेला नाही, सख्ख्या भावालाही नाही. तुमचे दादा म्हणाले, "लिहू नकोस. आणि लिहिलंसच तर त्यात माझं नाव घालू नकोस." तेव्हा त्यांचा या पत्राशी काही संबंध नाही. ते पलीकडे कपाटाच्या दाराला रंधा मारत बसले आहेत आणि केव्हापासून एकच फळी तासताहेत.

कामाचं लिहिते. तुमच्या बायकोला कालव्याच्या कचेरीने दुसरी ताकीद दिली. सकाळची पाण्याची पातळी उशिरा पोचते, हे कारण. तिसरी ताकीद म्हणजे नोकरी संपली, आणि नोकरीबरोबर कालव्याच्या तोंडावरचं ते दोन खोल्यांचं घरही, कारण घर नोकरीचं आहे. ती उजाडताच पातळी वाचते आणि लगेच पाठवते. तिच्या छपरावरच्या निरोपाच्या डब्यातून नोंद तत्क्षणी निघते. मग या छपरावरून त्या छपरावर, आमच्या सगळ्यांच्या डब्यांतून ती खाली येते आणि वाटेत कुठेतरी ताटकळत बसते. कचेरी पोचल्याची वेळ धरते, लिहिल्याची नाही.

का ताटकळते ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण करून ठेवणारे तुम्हीच. तरी लिहिते. उद्या 'मला कोणी नीट सांगितलंच नाही' म्हणून कानांवर हात ठेवायला नकोत.

या दरीत मोबाइलचा खांब कधी आला नाही, म्हणून आपण घरोघरी डबे बसवले. एकाचा निरोप दुसऱ्याच्या डब्याने पुढे द्यायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बाहेरची तार येते, तिथून पुढे जगभर. डबे बसवले मी, शिडीवरून पडून हात मोडून घेतला तो मी. पुढे लोक लबाडी करायला लागले. स्वतःचं पाठवून झालं की डबा बंद, दुसऱ्याचे निरोप मेले तरी चालतील. तेव्हा तुम्ही बाह्या सरसावून नियम लिहिलात. प्रत्येक डबा शेजारच्या डब्यावर नजर ठेवणार. दिलेला निरोप पुढे सरकवला, तर त्याची पत वाढणार. पत मोठी त्याचे निरोप आधी, पत कमी त्याचे मागून, जाणारेही आणि येणारेही. शिवाय पत रोज थोडी झिजणार, म्हणजे जुन्या पुण्याईवर कोणी लोळू नये.

खोटं कशाला बोलू, नियम चालला. लोकांनी डबे बंद करणं सोडलं. बेकरीवाला तर भर रस्त्यात छाती काढून चालायला लागला, कारण त्याचं घर वस्तीच्या बरोब्बर मध्ये आहे आणि निम्म्या वस्तीचे निरोप त्याच्या छपरावरून जातात. तो झोपलेला असला तरी त्याची पत वाढते.

आणि तुमची बायको राहते सगळ्यात वर, सगळ्यात शेवटी. तिच्या पलीकडे घरच नाही. पलीकडे घर नाही तर तिच्या डब्यातून कोण कोणाला काय पाठवणार? ती पुढे देणार तरी काय? पत वाढायला वाव नाही, झिजायला मात्र रोज आहे. सकाळी वस्तीभर पंपांच्या वेळा, शाळेची हजेरी, बाजारभाव यांची झुंबड उडते आणि तिची एक ओळ सगळ्यांच्या मागे उभी राहते.

उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. ज्याच्या पलीकडे घर नाही त्याची पत झिजू द्यायची नाही, एवढं नियमात घालायचं. पण नियम बदलायला गुप्त आकड्यांच्या दोन चाव्या लागतात, एक माझी, एक तुमची. आठवतं ना तुम्हाला, वस्तीच्या बैठकीत सगळे हसत काय म्हणाले होते? "चाव्या दीर-भावजयीला द्या. या दोघांचं कधी पटत नाही. ज्या गोष्टीवर पटेल ती नक्की सगळ्यांच्या भल्याची असणार." स्वतःच्या शहाणपणावर तेव्हा किती खूश होतो आपण.

चावी पाठवा.

वहिनी


२६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, खाली सही, सहीखाली हुद्दा. घरच्यांना हुद्दा कळवायची तुमची ही रीत आवडली.

"नियम सर्वांना सारखा असतो. एका घरासाठी वाकवला की त्यावरचा विश्वास उडतो." वाक्य चांगलं आहे. शाळेच्या बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, "फळ्यावर लिहायला बरं आहे." सारखा म्हणजे काय हो? दरीच्या मध्यावर बसलेला आणि दरीच्या टोकावर टांगलेला, दोघांना एकच माप लावलं की ते सारखं होतं का? तुम्ही छपरावर कधी चढला नाहीत म्हणून तुम्हाला सगळी घरं कागदावरच्या ठिपक्यांसारखी दिसतात. मी प्रत्येक छपरावर चढले आहे. कोणाच्या छपराला शिडी लागते आणि कोणाच्या छपरापर्यंत पोचायला अख्खी चढण चढावी लागते, हे माझ्या गुडघ्यांना विचारा.

दुसरं वाक्य तर त्याहून चांगलं. कंपनी हा नियम आणखी कितीतरी दऱ्यांमध्ये, बेटांवर, खाणींच्या वस्त्यांमध्ये नेणार आहे, आणि "सुरुवातीपासून एक अक्षरही न बदलता चालला" ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. म्हणून या क्षणी बदल शक्य नाही. वा! बाजारात मांडलेल्या वस्तूला ओरखडा नको, म्हणून बायकोचं घर गेलं तरी चालेल.

मला वाटलं होतं एवढंच कारण असेल. मग परवा तुमचे दादा जेवता जेवता बोलून गेले. त्यांना गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "तिची नोकरी सुटली की ती आपोआप माझ्याकडे येईल. तिला तिकडे कोण आहे?" हे बोलल्यावर त्यांनी घास तसाच ठेवला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

भाऊजी, माणसाच्या मनात असं येऊ शकतं, मला मान्य आहे. माझ्या मनात तुमच्याबद्दल याहून वाईट येतं. पण तुम्ही जाताना तिला स्वच्छ विचारलंत, ती स्वच्छ नाही म्हणाली. तिला तिचं काम आवडतं. पहाटे पाण्याशी जाऊन उभं राहायचं, पट्टीवर आकडा बघायचा, दरवाजाचं चाक दोन बोटं फिरवायचं की चार, ते ठरवायचं. खालच्या सगळ्या शेतांचं पाणी तिच्या मनगटात आहे. हे सोडून तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तुमची वाट बघत बसायला ती नाही म्हणाली, आणि तुम्हाला मिरच्या झोंबल्या. सरळ भांडला असतात तर मी तुम्हाला माणूस म्हटलं असतं. तुम्ही डब्याच्या आडून तिचं पाणी तोडताय.

तिने मला हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही. ती तुमच्याबद्दल बोलतच नाही. मागच्या आठवड्यात मी वर गेले, तर म्हणाली, "वहिनी, उन्हाळ्यात पातळी उतरते तेव्हा पट्टीचे खालचे आकडे दिसत नाहीत, शेवाळ धरलंय. एक तारेचा ब्रश आणाल का?" एवढंच बोलली. मी दिला ब्रश.

चावी अजून मागते आहे. विनंती नाही ही.

वहिनी


१९ मार्च

भाऊजी,

आता चावी नको. ठेवा तुमच्याजवळ, उशाशी घेऊन झोपा.

तिची नोंद वेळेवर पोचायला लागली आहे. कशी, मला विचारू नका, मी साधी पंप आणि रेडिओ दुरुस्त करणारी बाई. पत वाढली म्हणे तिची. लोक मदतीला धावून येत असतील. तुमच्या नियमाचा विजय झाला असं समजा आणि हुद्द्याखाली आणखी एक ओळ घाला.

तुमच्या दादांची कंबर धरली आहे. रविवारी डोंगरावर एक लाकडी खांब घेऊन गेले होते. कशाला, ते त्यांनाच विचारा. फोन उचलत असाल तर.

कचेरीच्या साहेबाने तिला बोलावून सांगितलं, "असंच चालू द्या." ती खाली आली होती, माझ्याकडे थांबली. मी विचारलं, "बरं चाललंय ना?" ती म्हणाली, "माझ्या डब्यावरचा दिवा दिवसभर लुकलुकतो हल्ली. एवढे निरोप कुठे जातात?" मी म्हटलं, "जात असतील कुठेतरी." तिने माझ्याकडे नीट बघितलं. ती उठून गेल्यावर मला बरं वाटेना.

कळवायचं म्हणून कळवलं.

वहिनी


५ मे

भाऊजी,

"आदरणीय वहिनीसाहेब"! मी पाकीट उलटं करून बघितलं, दुसऱ्या कोणाचं चुकून आलं का म्हणून. हाताने लिहिलेलं पत्र, तब्येतीची चौकशी, दादांच्या कंबरेला मलम सुचवलेलं. इतका गोडवा पाहून मी आधी दार लावून घेतलं.

तर तुमचा नियम घ्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, तुमच्या कंपनीच्या बाईंनी दरीचे आकडे मागवले, आणि त्यांना दिसलं की सगळ्यात शेवटच्या घराची पत बेकरीवाल्याच्याही वर गेली आहे. बाई हुशार दिसतात. त्यांनी विचारलं, शेवटच्या घराच्या पलीकडे एवढे निरोप कोणाला जातात? नकाशावर तर तिथे काही नाही. आणि तुम्ही मला लिहिता, "तिथे आपले कोणीतरी नातेवाईक राहतात असं आपण सांगावं." आपण! किती दिवसांनी ऐकला हा शब्द.

आता खरं ऐका. तिच्या घराच्या वर जुनी पंपाची शेड आहे, छप्पर उडालेली. तिथे तुमच्या दादांनी खांब रोवला आणि मी एक डबा टांगला. नवा डबा जाळ्यात घ्यायचा तर दोन घरांनी जामीन राहायचं, हा तुमचाच नियम. एक घर माझं, दुसरं बेकरीवाल्याचं. त्याला मी म्हटलं, "पत कमी होईल हं तुझी, पकडलं तर." तो म्हणाला, "झोपेत मिळवलेली आहे, गेली तर काय." त्या दिवसापासून त्याने छाती काढून चाललं तरी मी हसत नाही.

मग अख्ख्या वस्तीला सांगितलं, रोज एक निरोप त्या डब्याला पाठवा. काहीही पाठवा. तिथे जायची वाट एकच, तुमच्या बायकोच्या छपरावरून. तिचा डबा प्रत्येक निरोप पुढे देतो, खालचा डबा ते बघतो, पत वाढते. तुमचा नियम एवढंच बघतो की पुढे दिलं का. घेणारा कोणी आहे का, हे तो बघत नाही. डोकं माझं नाही, भोक तुमचं.

डब्याला मालकाचं नाव लागतं. मी तुमचं घातलं.

अहो, सुचलंच पटकन. उत्तर येत नाही, कोणाचं पुढे नेत नाही, नुसतं घेतं, असं घर म्हटल्यावर दुसरं कोणतं नाव घालणार? लोकांनाही आवडलं. शिंपी रोज विचारतो, कंबर किती वाढली. बेकरीवाला कळवतो की आजची भट्टी तुमच्या नावाने करपली. शाळेच्या बाई पोरांकडून टाइपिंगचा सराव करून घेतात, रोज एक वाक्य तुम्हाला. 'काका तुम्ही शेडमध्ये का राहता' हे एकाने विचारलं आहे. तुमचे दादाही लिहितात. डबा भरला की मी रविवारी जाऊन रिकामा करते, तेव्हा बाकीच्यांचे वाचले जातात. त्यांचे मी वाचत नाही. लांब असतात, इतकं दिसलं.

आता माझं ऐका. तुमच्या बाई इथे येणार, त्यांना माझी सही लागणार, कारण दुसरी चावी माझी. चावी आधी पाठवा. आपण दोघं मिळून नियम दुरुस्त करू, शेवटच्या घराची पत झिजणं बंद. मग शेड नको, खोटं नको, आणि तुम्ही त्यांना दुरुस्त केलेला नियम विका, मी खाली सही करते, वाटल्यास तुमची स्तुतीही करते. तुमचा हा नियम जसा आहे तसा शंभर वस्त्यांत गेला, तर शंभर शेवटची घरं असतील, आणि प्रत्येक ठिकाणी खांब रोवायला तुमचे दादा मिळणार नाहीत.

सही हवी तर चावी. आधी.

वहिनी


१३ मे

भाऊजी,

"सही झाल्यावर लगेच, शब्द देतो."

मी ते तुमच्या दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "देईल गं तो." मी म्हटलं, "तुम्ही जामीन राहता?" ते रंधा शोधायला उठून गेले.

तुमच्या नियमात एक गोष्ट मला नेहमी पटायची. कोण काय बोलतो ते डबा ऐकतच नाही, पुढे दिलं का तेवढं बघतो. तुमच्या बाबतीत मीही तेच करणार आहे.

वहिनी


२२ मे

भाऊजी,

तुम्ही खाली गाडीत काचा वर करून बसून राहिलात, म्हणून वर काय झालं ते तुम्हाला सांगावं लागतं आहे. एवढ्या लांबून आलात, भावाच्या दारावरून गेलात, बायकोच्या घराखाली थांबलात, आणि चढण चढायला पाय उचलला नाही. दादा दुकानाच्या पायरीवर उभे होते. गाडी गेल्यावरही उभेच होते.

बाई वर आल्या, सोबत यंत्र धरून एक माणूस. धाप लागली होती त्यांना, तरी आधी त्यांनी चपला काढल्या आणि मग अंगणात आल्या, हे मी लक्षात ठेवलं आहे. तुमच्या बायकोने पाणी दिलं. माणूस यंत्राकडे बघून म्हणाला, "इथून वर जातात निरोप. खूप."

बाईंनी मला विचारलं, "वर कोण राहतं?"

खरं सांगते, काय उत्तर द्यायचं ते चढण चढताना मला ठरवता आलं नव्हतं. नातेवाईक म्हटलं तर तुमचा नियम आहे तसा विकला जाणार. खरं सांगितलं तर शेडचा डबा उतरवावा लागणार, हिची पत पुन्हा झिजणार आणि तिसरी ताकीद येणार. मी तोंड उघडलं आणि नुसतीच उभी राहिले. कधी नव्हे ते माझी जीभ अडली, तुम्ही असतात तर फार आनंद झाला असता तुम्हाला.

तुमची बायको ओट्यावर पेले विसळत होती. तिथूनच म्हणाली, "कोणी नाही."

बाईंनी विचारलं, "पण डब्याला नाव आहे."

"ते माझ्या नवऱ्याचं आहे."

मी आयुष्यात तुम्हाला पुष्कळ बोलले. इतकं नेमकं मला कधी जमलं नाही. आणि ती चिडूनही बोलली नाही हो. पाण्याची पातळी सांगावी तसं सांगितलं.

मग तिने हात पुसले आणि सगळं सांगितलं. मी तिला कधी सांगितलं नव्हतं, पण तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. चढून गेली होती शेडपर्यंत, दादांच्या हातची गाठ ओळखली होती. बाईंना म्हणाली, "माझी नोंद वेळेवर जावी म्हणून या लोकांनी हे केलं. मला तेव्हाच थांबवायला हवं होतं, पण नोकरी जाईल या भीतीने गप्प बसले. आता तुम्ही हे इतर ठिकाणी नेणार आहात. तिथेही शेवटी कोणीतरी राहत असेल."

बाई ओट्याच्या कडेला बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "हे दुरुस्त होण्यासारखं आहे?" मी म्हटलं, "अर्ध्या दिवसाचं काम. दुसरी चावी खाली गाडीत बसली आहे."

त्या चपला हातात घेऊन भराभर उतरल्या, आणि गाडीत तुमचं काय झालं ते तुम्हाला माहीत.

संध्याकाळी तुमची बायको स्वतः शेडवर गेली आणि डबा उतरवून माझ्या दुकानात आणून ठेवला. मी म्हटलं, "अगं, चावी येईपर्यंत तरी राहू दे." ती म्हणाली, "वहिनी, रोज सकाळी मी खरा आकडा लिहिते. तो खोट्याच्या पाठीवर बसून खाली जातो, हे मला नको." मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती ऐकत राहिली आणि मग घरी गेली.

आता ऐका. तुमच्याजवळ विकायला काही उरलेलं नाही, तेव्हा ओरखड्याची भीती संपली. चावी अडवून धरायला एकच कारण उरतं, ते जे तुम्ही दादांना बोललात. आता चावी दिली नाहीत तर मी असं समजणार नाही की तुम्ही विसरलात. तिची पत रोज खाली येते आहे. पंधरवडाभर टिकेल, फार तर थोडी जास्त. पेरणीच्या तोंडावर निरोपांची गर्दी होते, तेव्हा तिची नोंद दुपारपर्यंत पोचणार नाही.

माझ्यावर राग काढायचा तर नंतर काढा, मी इथेच आहे.

वहिनी


१७ जून

भाऊजी,

चावी मिळाली.

चावीच्या निरोपावर निघाल्याची वेळ असते. सोमवारी सकाळी पाठवलीत. माझ्या दुकानात तारेवरून आली ती त्याच क्षणी, पण निरोप तुमच्या बायकोच्या नावाचा, आणि दुसऱ्याच्या नावाचा निरोप वाटेतला डबा उघडून दाखवत नाही. कळलंच नाही मला काय चाललंय ते. पुढे बेकरीवाल्याच्या डब्यात पडून राहिली, कारण ज्या घराला जायची त्याची पत तळाला. पेरणीचे दिवस, बियाण्याचे भाव, मजुरांचे निरोप, सगळे पुढे गेले. मग शाळेच्या डब्यात. मग गिरणीच्या.

कचेरीचा माणूस बुधवारी मोटारसायकलवरून तिसऱ्या ताकिदीचा कागद घेऊन आला. त्याला कोणाच्या डब्यातून यावं लागत नाही. दोन दिवसांत घर मोकळं करा.

शुक्रवारी दुपारी सामान खाली आणून झालं होतं. तुमच्या दादांनी पाठीवर पलंग आणला, कंबर तशी असताना. मी तिचा डबा उतरवायला छपरावर चढले, तेव्हा दिवा लागला. मी खाली ओरडून सांगितलं, "तुझं काहीतरी आलंय." ती शिडीशी येऊन उभी राहिली. चावी होती, आणि चावीखाली तुमची एक ओळ. ती ओळ तिची आहे, मी इथे लिहीत नाही. तिने वाचली आणि शिडी धरून ठेवली, मी उतरेपर्यंत.

माझ्याकडे पाठवली असती तर सोमवारी चहा गार व्हायच्या आत मिळाली असती. मंगळवारी नियम बदलला असता. मी तीन दिवस याच गोष्टीवरून तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देते आहे, आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडते. एवढ्या काळात पहिल्यांदा तुम्ही सरळ तिला काहीतरी दिलंत. मला टाळायला दिलंत की तिला द्यायचं म्हणून दिलंत, हे मला कळत नाही. तिला विचारलं, तीही सांगत नाही. त्याबद्दल तुम्हाला काय बोलावं हे मला पहिल्यांदाच सुचत नाही, आणि याचाही मला राग येतो.

ती आमच्या मागच्या खोलीत राहते आहे. तुमच्याकडे येणार नाही. हे मी नाही, तिने सांगायला सांगितलं आहे. कचेरीत ती दोनदा जाऊन आली, मीही गेले, बेकरीवालाही आला. साहेब म्हणाले, "कागद निघाला, आता काही होत नाही."

नियम आम्ही शुक्रवारीच बदलला. माझी चावी मी घातली, तुमची तिने. शेवटच्या घराची पत आता झिजत नाही.

कालव्याच्या तोंडावर नवा माणूस आला आहे. त्याची नोंद सूर्य वर यायच्या आत पोचते. कचेरीत सगळे खूश आहेत, म्हणतात, आधीच्या बाईपेक्षा हा फार वक्तशीर आहे.

वहिनी